ज्यूल व्हर्न : कराराने बांधलेला लेखक

मराठी वाचकाला ज्यूल व्हर्न परिचित झाला तो मुख्यतः कुमारवाचनाच्या वाटेने. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांनी त्याला मराठी घराघरात नेले आणि 'मुलांसाठी लिहिणारा, विज्ञानाची भविष्ये वर्तविणारा फ्रेंच लेखक' ही त्याची प्रतिमा दृढ झाली. ही प्रतिमा चुकीची नाही, परंतु ती व्हर्नच्या स्वभावातून जितकी उपजली तितकीच एका प्रकाशनव्यवहारातून घडली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. व्हर्नचे चरित्र म्हणजे साहसांची मालिका नव्हे. पहाटे पाच वाजता टेबलाशी बसणाऱ्या, वर्षाकाठी ठरलेले खंड ठरलेल्या मुदतीत हातावेगळे करणाऱ्या एका नियमित श्रमिकाचे ते चरित्र आहे. त्याच्या कादंबऱ्यांचा विचार करताना हे श्रम आणि त्यांना आकार देणारे करार बाजूला ठेवता येत नाहीत.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी पश्चिम फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी झाला. वडील पिएर व्हर्न हे वकिली व्यवसायातले, शिस्तप्रिय आणि धर्मनिष्ठ गृहस्थ; आई सोफी ही जहाजव्यवसायाशी संबंध असलेल्या घराण्यातली. ल्वार नदीच्या प्रवाहातील फेदो या बेटावर हे कुटुंब राहत असे. अकराव्या वर्षी ज्यूल गुपचूप एका जहाजावर चढला, वडिलांनी त्याला पुढच्या बंदरात गाठून परत आणले आणि त्यानंतर केवळ कल्पनेनेच प्रवास करण्याची शपथ त्याने घेतली, ही कथा त्याच्या बहुतेक लोकप्रिय चरित्रांत येते. तिचा उगम १९२८ साली एका नातलग स्त्रीने लिहिलेल्या चरित्रात आहे आणि तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. लेखकाचे सारे आयुष्य एका प्रसंगातून उलगडून दाखविण्याचा मोह चरित्रकारांना किती अनावर होतो, याचा हा चांगला नमुना म्हणता येईल. प्रत्यक्षात समुद्रावर गेला तो धाकटा भाऊ पॉल. त्याने नौदलात नोकरी केली. थोरल्या मुलाने वडिलांची वकिली पुढे चालवावी, असे ठरलेले होते.

कायद्याच्या अभ्यासासाठी व्हर्न १८४८ च्या क्रांतीच्या सुमारास पॅरिसला आला. परीक्षा त्याने दिल्या, पदवीही मिळविली. पण त्याचे मन रंगभूमीत गुंतले होते. थोरल्या अलेक्सांद्र द्युमाच्या 'ऐतिहासिक नाट्यगृहा'त १८५० साली त्याची एक पद्यमय एकांकिका सादर झाली. १८५२ साली वडिलांनी आपला व्यवसाय त्याच्या हाती सोपविण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्याने नकार दिला आणि एका संगीत नाट्यगृहाचे सचिवपद पत्करले. हा काळ ओढाताणीचा होता. पोटाच्या तक्रारी आणि चेहऱ्याच्या एका बाजूचा अर्धांग याच वर्षांत सुरू झाला आणि दोन्ही व्याधींनी पुढे आयुष्यभर त्याची पाठ सोडली नाही. नाटककार म्हणून तो प्रसिद्धीस आला नाही. मात्र संवादांवरची पकड, प्रवेशाच्या शेवटी कलाटणी देण्याची सवय आणि विनोदी नोकराचे पात्र ही त्याच्या कादंबऱ्यांची वैशिष्ट्ये रंगभूमीवरील या उमेदवारीतूनच आलेली आहेत.

१८५७ साली ओनोरिन या दोन मुलींची आई असलेल्या विधवेशी त्याने विवाह केला. संसाराची जबाबदारी आली तशी उत्पन्नाची निकड भासू लागली. वडिलांच्या आर्थिक साहाय्याने तो पॅरिसच्या शेअरबाजारात दलालीच्या व्यवसायात शिरला. पहाटे पाचला उठून बाजार उघडण्याच्या वेळेपर्यंत लिहायचे, दिवसा बाजारात उभे राहायचे आणि सवड मिळेल तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालयात भूगोल, पदार्थविज्ञान, प्रवासवृत्ते यांतून टिपणे काढायची, हा क्रम या वर्षांत बसला. बाजारातली नोकरी सुटली तरी पहाटेची वेळ मात्र सुटली नाही. १८६१ साली मुलगा मिशेल जन्मला, तेव्हा व्हर्न तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर एकही कादंबरी नव्हती.

१८६२ साली त्याची गाठ पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाशी पडली. हेत्झेल हा साधा व्यापारी नव्हता. बाल्झाक, ह्यूगो, जॉर्ज सांद यांची पुस्तके त्याने काढलेली होती. १८४८ च्या प्रजासत्ताकात तो अधिकारपदावर होता आणि तिसऱ्या नेपोलियनच्या सत्ताग्रहणानंतर त्याला काही वर्षे ब्रुसेल्समध्ये परागंदा राहावे लागले होते. परतल्यावर कुटुंबात सर्वांनी मिळून वाचावे असे बोधक आणि रंजक साहित्य देण्याची योजना त्याने आखली होती. अशा वेळी बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या तीन इंग्रजांची कथा घेऊन व्हर्न त्याच्याकडे आला. ती १८६३ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन हजार प्रतींसाठी लेखकाला ५०० फ्रँक मिळाले. पुढच्याच वर्षी हेत्झेलचे 'शिक्षण आणि मनोरंजन' हे पाक्षिक सुरू झाले आणि व्हर्न त्याचा आधारस्तंभ बनला.

डिसेंबर १८६५ च्या करारान्वये व्हर्नने वर्षाला तीन खंड द्यावेत आणि त्याबद्दल त्याला दरमहा ७५० फ्रँक मिळावेत असे ठरले. १८७१ मध्ये खंडांची संख्या दोनवर आली आणि मासिक रक्कम १००० फ्रँक झाली. १८७५ साली पुन्हा नवा करार होऊन लेखकाला खपाच्या प्रमाणात वाटा मिळू लागला. कादंबरी सहसा तीन रूपांत विकली जात असे : प्रथम पाक्षिकातून क्रमशः, नंतर चित्रांवाचून लहान आकारात आणि अखेरीस वर्षअखेरीच्या भेटवस्तूंच्या हंगामात सचित्र, सोनेरी कलाकुसरीच्या भव्य बांधणीत. आज संग्राहक ज्या लाल-सोनेरी प्रतींसाठी मोठ्या किमती मोजतात त्या याच. मात्र आरंभीच्या करारांनी सचित्र आवृत्त्यांचा मोठा नफा प्रकाशकाकडेच ठेवला होता. व्हर्नला संपन्नता आणली ती पुस्तकांनी नव्हे, तर रंगभूमीने. ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाचे नाट्यरूप दनरी या व्यावसायिक नाटककाराच्या सहकार्याने नोव्हेंबर १८७४ मध्ये रंगमंचावर आले आणि त्याचे शेकडो प्रयोग झाले. तरुणपणी ज्या रंगभूमीने त्याला थारा दिला नाही, तिनेच कादंबरीकाराला हात दिला.

हेत्झेलचा खरा अंमल चालत होता तो मजकुरावर. तो प्रत्येक हस्तलिखित बारकाईने वाचून समासात शेरे मारीत असे, प्रकरणे गाळण्यास सांगत असे, शेवट बदलून मागत असे. पहिल्या कादंबरीच्या यशानंतर व्हर्नने विसाव्या शतकातील पॅरिसचे चित्र रेखाटणारी एक कादंबरी लिहिली. यंत्रांनी आणि पैशाने भरलेल्या त्या नगरात कविता करणाऱ्या तरुणाला बँकेत नोकरी करावी लागते आणि अखेर तो बर्फात, स्मशानभूमीत कोसळतो. शेअरबाजारात उभ्या राहणाऱ्या लेखकाचे आत्मचरित्र त्यात कितपत आहे, हे वेगळे सांगावयास नको. हेत्झेलने ती साफ नाकारली. त्यानंतर दीर्घकाळ व्हर्नच्या लेखनातून असा उघड निराशेचा सूर उमटला नाही. कॅप्टन हॅतरासच्या उत्तर ध्रुवावरील मोहिमेच्या कथेत नायकाने ज्वालामुखीच्या मुखात स्वतःला झोकून द्यावे अशी मूळ योजना होती. प्रकाशकाच्या आग्रहाने तो वाचला आणि वेडा होऊन परतला. येथे मात्र हेत्झेलची सूचना कलादृष्ट्या सरस ठरली, असेच म्हणावे लागेल. वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेत सतत उत्तरेच्याच दिशेने चालणारा हॅतरास मृत नायकापेक्षा अधिक काळ मनात राहतो.

नेमोची कथा भारतीय अभ्यासकाला विशेष जवळची आहे. समुद्राखालील प्रवासाची कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कॅप्टन नेमो कोणत्या देशाचा आणि त्याचा सूड कोणावर, हे गुलदस्त्यातच राहिले. व्हर्नच्या मनात नेमो हा पोलिश सरदार होता. १८६३ च्या पोलिश उठावानंतर रशियन सत्तेने त्याच्या कुटुंबाचा संहार केलेला होता. रशियातला वाचकवर्ग आणि राजनैतिक परिस्थिती लक्षात घेऊन हेत्झेलने यास हरकत घेतली. गुलामांच्या व्यापाऱ्यांविरुद्ध लढणारा नेमो हा त्याने सुचविलेला पर्याय व्हर्नला पटेना. दोघांतील पत्रव्यवहारात व्हर्न इतका ठाम राहिलेला क्वचितच दिसतो. अखेर तडजोड झाली ती मौनाची. पाच वर्षांनी 'रहस्यमय बेट' या कादंबरीत नेमोचे पूर्वायुष्य उघड झाले ते असे : तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, युरोपात शिकलेला आणि १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला. बुंदेलखंडाचे राजघराणे आणि टिपू यांची ही सोयरीक इतिहासाच्या दृष्टीने विचित्रच आहे. पण तिचे कारण व्हर्नच्या भारतविषयक कल्पनांत शोधण्यापूर्वी पॅरिसमधल्या प्रकाशकाच्या कचेरीत शोधले पाहिजे. रशियाविरुद्धचा सूड छापणे अडचणीचे होते, इंग्रजांविरुद्धचा तसा नव्हता. या हिशेबातून आधुनिक साहित्यातील एका विलक्षण वसाहतविरोधी नायकाला भारतीय जन्म मिळाला.

१८७१ साली व्हर्न पत्नीच्या माहेरगावी, उत्तर फ्रान्समधील आमियाँ येथे कायमचा स्थायिक झाला. पॅरिसचा गोंगाट त्याला सोसेनासा झाला होता आणि कराराचे काम शांततेशिवाय होण्यासारखे नव्हते. उत्तरायुष्यात त्याच्याकडे गेलेल्या इंग्रजी-अमेरिकी पत्रकारांनी जी वर्णने केली आहेत, त्यांत त्याच्या अभ्यासिकेचा साधेपणा एकमुखाने नोंदविला आहे. घर प्रशस्त होते, दिवाणखाना ओनोरिनच्या हौसेप्रमाणे सजलेला होता. परंतु लेखक बसे ती खोली लहान, कोपऱ्यातली. एक साधे टेबल, एक अरुंद खाट, शेक्सपियर आणि मोलिएर यांचे अर्धपुतळे. शेजारच्या खोलीत ग्रंथसंग्रह. पहाटे पाचपासून अकरापर्यंत लेखन आणि मुद्रितशोधन, नंतर जेवण, मग 'औद्योगिक संस्थे'च्या वाचनालयात जाऊन वृत्तपत्रे आणि शास्त्रीय नियतकालिके चाळणे. तेथे उपयुक्त वाटेल त्याची नोंद तो करून ठेवी आणि ही टिपणे पुढे हजारोंच्या घरात गेली. रात्री आठ-साडेआठला तो झोपावयास जाई. घरी मेजवानी असली तरी यजमान त्यात फार वेळ रमत नसे.

त्याची लेखनपद्धतीही अशीच काटेकोर होती. आरंभ, मध्य आणि शेवट निश्चित झाल्याखेरीज तो लेखनास हात घालीत नसे. पहिला खर्डा पेन्सिलीने, अर्धे पान दुरुस्तीसाठी कोरे ठेवून. त्यावर शाईने दुसरे संस्करण. तरीही खरे लेखन होई ते मुद्रितांवर. एकेका पुस्तकाची सात-आठ मुद्रिते तो तपाशी आणि अंतिम पाठात पहिल्या खर्ड्याची वाक्ये फारशी उरत नसत. चंद्रावरील तोफगोळ्याच्या कथेसाठीची गणिते त्याने आपला गणितज्ञ आतेमामे भाऊ आँरी गार्से याच्याकडून तपासून घेतली होती. एच. जी. वेल्सशी आपली तुलना त्याला मान्य नसे, त्याचे कारण येथेच सापडते. गुरुत्वाकर्षण अडविणारा काल्पनिक धातू निर्माण करून चंद्रावर जाणे ही त्याच्या लेखी चोरवाट होती. त्याची कल्पना ग्रंथालयातल्या टिपणांवर उभी होती. या आग्रहाने त्याच्या गद्याला भारदस्तपणा आला, तसेच याद्यांचे ओझेही आले. माशांच्या जातींची पानेच्या पाने वाचकाला ओलांडावी लागतात, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करावे.

तो मुळीच प्रवास न केलेला लेखक होता, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे आहे. स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हिया त्याने पाहिले. १८६७ साली पॉलसमवेत 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजातून अमेरिकेस जाऊन नायगाराही पाहिला. १८६८ मध्ये घेतलेल्या 'सें-मिशेल' या मासेमारीच्या होडीवर त्याने सोम नदीच्या मुखाशी बसून लेखनही केले. पुढे त्याच नावाच्या वाफेच्या नौकेतून भूमध्यसमुद्रापर्यंत सफरी केल्या. भारत मात्र त्याने कधी पाहिला नाही. तरीही १८८० सालच्या 'वाफेचे घर' या कादंबरीत लोखंडी हत्तीने ओढलेले घर उत्तर हिंदुस्थानातून फिरते आणि कथेचा आरंभ होतो औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या फलकापासून. वेरूळची लेणी हे नानासाहेबांच्या गुप्त हालचालींचे स्थळ आहे. लुई रूसले याचे भारतप्रवासाचे वृत्त त्याच्या हाताशी होते. व्हर्नचे नानासाहेब सूडाने पेटलेले खलपात्र आहेत. मात्र इंग्रजांनी उठावानंतर केलेल्या कत्तलींचा हिशेबही त्याच कादंबरीत मांडलेला आहे आणि त्या काळच्या युरोपीय लेखनात ही गोष्ट सामान्य नव्हती. डक्करला सहानुभूती देणाऱ्या लेखकाने नानासाहेबांना ती का नाकारावी, हा प्रश्न मराठी अभ्यासकांनी हाती घेण्यासारखा आहे.

या कादंबरीच्या आधी, १८७८ मध्ये, भारताच्या दिशेने जाणाऱ्या एका जहाजावर व्हर्नने एकाला पाठविले होते : स्वतःच्या मुलाला, शिक्षा म्हणून. मिशेल लहानपणापासून हट्टी आणि उधळ्या होता. शांततेचा भंग सहन न होणाऱ्या बापाने त्याला प्रथम वसतिशाळेत, मग १८७६ साली मेत्रे येथील सुधारगृहात आणि अखेर समुद्रावर धाडले. लाखो मुलांना रिझविणाऱ्या लेखकाला आपल्या एकुलत्या मुलाशी बोलण्याची भाषा बराच काळ सापडली नाही. पितापुत्रांत पुढे समेट झाला. त्याचे वाङ्मयीन परिणाम मात्र अनपेक्षित झाले.

१८८६ हे वर्ष आघातांचे ठरले. नौका त्याने विकून टाकली. ९ मार्चला पॉलचा मानसिक तोल गेलेला मुलगा गास्ताँ याने घराच्या दाराशीच काकावर पिस्तूल झाडले. गोळी पायात शिरली, ती काढता आली नाही आणि व्हर्न कायमचा लंगडा झाला. आठवडाभरातच हेत्झेल मरण पावला. पुढच्या वर्षी आई गेली. प्रवास संपले, टेबल उरले. हेत्झेलच्या मुलाशी व्यवहार पूर्ववत चालू राहिला, परंतु समासात भांडणारा वाचक उरला नव्हता. उत्तरकालीन कादंबऱ्यांत दिसणारा कडवटपणा, शास्त्रज्ञांच्या अहंकाराविषयीचा संशय यांचा उगम केवळ व्यक्तिगत दुःखात शोधून भागणार नाही. पूर्वी जे छाटले जात असे ते आता राहू लागले, हेही कारण विचारात घ्यावे लागते.

१८८८ साली तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला, तोही स्वतःच्या पुराणमतवादी कलाच्या विरुद्ध, डाव्या प्रजासत्ताकवाद्यांच्या यादीतून. पंधराएक वर्षे त्याने नाट्यगृह, जत्रा, कलाशाळा यांची कामे निष्ठेने पाहिली. गावातील पक्क्या बांधणीच्या सर्कसगृहाचे उद्घाटन १८८९ मध्ये त्याच्या भाषणाने झाले. जगभर भाषांतरित होणाऱ्या लेखकाने जत्रेतील तंबूंच्या जागावाटपात रस घ्यावा, याचे चरित्रकारांना नवल वाटते. पण नेमस्त, उपयुक्त कामाची ओढ हाच या माणसाचा स्थायीभाव होता. फ्रेंच अकादमीचे सदस्यत्व त्याला कधीच मिळाले नाही आणि फ्रेंच साहित्यात आपली गणना होत नाही, हे शल्य त्याने मुलाखतींतही लपविले नाही. ज्या पाक्षिकाने त्याला वाचक दिले, त्याच पाक्षिकाने त्याला बालसाहित्याच्या कप्प्यात बसविले. खप उतरत गेला, मधुमेह आणि मोतीबिंदू बळावले, हाताला पेटके येऊ लागले. तरी वर्षाला दोन खंड निघत राहिले. इतकेच नव्हे, तर पुढच्या वर्षांची हस्तलिखिते खणात शिल्लक राहतील अशी तजवीज तो करीत असे. २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे त्याचे निधन झाले.

खणातल्या त्या हस्तलिखितांमुळे मृत्यूनंतरही जवळपास पाच वर्षे 'नवा व्हर्न' प्रसिद्ध होत राहिला. ती पुस्तके सिद्ध केली मिशेलने. त्याने प्रकरणे वाढविली, पात्रे घातली, शेवट बदलले; एक कादंबरी तर बहुतांशी त्याचीच आहे. वडिलांच्या हयातीतही, १८८९ साली, दूरच्या भविष्यकाळातील एका वृत्तपत्रसम्राटाची जी कथा ज्यूल व्हर्नच्या नावाने अमेरिकेत छापली गेली, तिचा मुख्य लेखक मिशेलच होता असे आता मानले जाते. १९७७-७८ च्या सुमारास पिएरो गोंदोलो देल्ला रिवा या इटालियन अभ्यासकाला हेत्झेल कुटुंबाच्या कागदपत्रांत मूळ हस्तलिखितांच्या टंकलिखित प्रती सापडल्या आणि मुलाच्या हस्तक्षेपाची व्याप्ती प्रथमच उघड झाली. मूळ पाठ १९८५ ते १९८९ या काळात फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. त्याच १९८९ साली व्हर्नच्या पणतूला घरातील एका जुन्या तिजोरीत पॅरिसच्या भविष्यकाळावरील, हेत्झेलने नाकारलेले ते हस्तलिखित मिळाले. १९९४ मध्ये ते छापले गेले, ते कोणत्याही संपादकाच्या मागणीनुसार शेवट न बदलता.